खुराक आणि परीक्षा

शाळेच्या वार्षिक अंकाकरिता खेळाविषयी चार शब्द लिहून द्यावेत, अशी सूचना आम्हांस झाली, तेव्हा प्रथम मनात आले की खासबागेतील एखाद्या गाजलेल्या कुस्तीचे अथवा शाहू स्टेडियमवरील एखाद्या चुरशीच्या सामन्याचे वर्णन करावे. कोल्हापुरात राहणाऱ्या मनुष्यास या विषयाची वाण कधीच पडावयाची नाही. परंतु तसली वर्णने आमच्यापेक्षा विद्यार्थीच अधिक रसाळपणे करतात, असा आमचा अनुभव आहे. शिवाय गेली काही वर्षे एक प्रश्न आमच्या मनात घर करून बसला आहे. तो ज्याने विचारला, तो त्या वेळी आठवीत शिकणारा आमचा पुतण्या होता. तेव्हा त्याचे उत्तरही विद्यार्थ्यांच्या अंकातच देणे योग्य, असे आम्ही ठरविले.

२०१९ सालच्या जुलै महिन्याच्या अखेरीस मुंबईचा तरुण क्रिकेटपटू पृथ्वी शॉ याजवर आठ महिन्यांची बंदी घातल्याचे जाहीर झाले. आदल्याच वर्षी, वयाच्या अठराव्या वर्षी, या मुलाने राजकोट येथे आपल्या पहिल्याच कसोटी सामन्यात शतक केले होते, आणि महाराष्ट्रातील हजारो मुलांनी त्याला आपला मानले होते. इंदूर येथे सय्यद मुश्ताक अली चषकाच्या सामन्यांच्या वेळी, २२ फेब्रुवारी रोजी, त्याच्या लघवीचा नमुना घेण्यात आला. त्यात टर्ब्युटालिन नावाचे द्रव्य सापडले. हे द्रव्य श्वासनलिका सैल करणारे असून खोकल्याच्या कित्येक औषधांत असते. खेळात सरस ठरावे म्हणून नव्हे, तर श्वसनाच्या विकारावर म्हणून ते अजाणता पोटात गेले, हे त्याचे म्हणणे क्रिकेट नियामक मंडळाने मान्य केले. तरीही शिक्षा झाली. ती बातमी वाचून आमचा पुतण्या म्हणाला, “काका, खोकल्याचं औषध घेतलं म्हणून कुणी गुन्हेगार होतो का?”

हा प्रश्न एका वाक्यात सुटणारा नव्हता. त्याचा विचार करू लागलो, तेव्हा आम्हांस आमच्या गावच्या खुराकापासून आरंभ करावा लागला.

मल्लाचा खुराक हा कोल्हापुरात खाजगी विषय कधीच नव्हता. राजर्षी शाहू महाराजांनी तालमींना आश्रय दिला, रोम येथील जुने क्रीडागार पाहून आल्यावर खासबागेचे मैदान उभारावयास घेतले, आणि १९१२ साली ते पुरे झाले. तेव्हापासून पेठापेठांतून पैलवान ही सर्वांच्या मालकीची वस्तू झाली. तो काय खातो, किती दूध पितो, किती जोर आणि किती बैठका मारतो, हे गल्लीतील पोरासोरांस ठाऊक असे. आमच्या लहानपणी गंगावेशीच्या बाजूस दूध प्यावयास गेले, म्हणजे म्हैस समोर उभी असे व धार डोळ्यांदेखत काढली जाई. त्या फेसाळ पेल्यात पाणी पडले असेल अशी शंका घेण्यास जागाच नसे. थंडाईकरिता बदाम रात्री भिजत घालावयाचे, पहाटे ते कुंडीत घोटावयाचे, आणि घोटणारा हात बहुधा तालमीतील धाकट्या पोराचा असावयाचा. वस्ताद शेजारी उभा. त्या काळी खुराकाची परीक्षा घेण्यास प्रयोगशाळा लागत नसे; चारचौघांचे डोळे हीच प्रयोगशाळा होती.

हल्ली ही स्थिती राहिलेली नाही. आज व्यायामशाळेत जाणाऱ्या तरुणाच्या हाती प्लॅस्टिकचा भला मोठा डबा दिसतो. त्यावर पिळदार दंडाच्या माणसाचे चित्र असते, आणि बारीक इंग्रजी अक्षरांत घटकांची यादी असते. आम्ही एकदा आमच्या गल्लीतील अशाच एका होतकरू मुलास विचारले, “यात काय आहे रे?” तो म्हणाला, “पावडर आहे.” “कसली?” “सर घेतात तीच.” याहून अधिक माहिती त्याच्यापाशी नव्हती, आणि तो डबा ज्याने विकला त्याच्यापाशी तरी होती की नाही, याची आम्हांस शंका आहे. मुलगा मेहनती, सरळ, व्यसनाच्या वाटेस न जाणारा. पण जो जिन्नस तो दिवसातून दोन वेळा पोटात घालीत होता, त्याची त्याला ओळख नव्हती.

ही भीती काल्पनिक नव्हे. जर्मनीतील कलोन येथील प्रयोगशाळेने २००० व २००१ या दोन वर्षांत तेरा देशांत विकली जाणारी ६३४ पूरक खाद्ये तपासून पाहिली. त्यांपैकी ९४ डब्यांत, म्हणजे दर शंभरांत सुमारे पंधरांत, स्नायू वाढविणारी संप्रेरके किंवा त्यांच्याच जातीची द्रव्ये निघाली. आणि डब्यावरील यादीत त्यांचा उल्लेखही नव्हता. दुधात पाणी घालणारा गवळी आपण पाहिला आहे. येथे तर न सांगता औषध घालणारा गवळी भेटला!

आता ही द्रव्ये कोणती, व त्यांना बंदी कशासाठी, हे विद्यार्थ्यांस थोडक्यात सांगणे जरूर आहे. काही द्रव्ये पुरुषाच्या शरीरातील संप्रेरकाची नक्कल करून स्नायू फुगवितात. काही रक्तातील तांबड्या पेशी वाढवून दम वाढवितात. काही थकवा झाकून टाकतात, म्हणजे शरीर “थांब” म्हणून सांगत असता ती सूचना मेंदूपर्यंत पोहोचू देत नाहीत. काही नुसती लघवी वाढवितात. तिच्या योगाने वजन झटपट उतरते व दुसऱ्या द्रव्यांचा मागही पुसट होतो. यांतील पुष्कळशी मुळात औषधे आहेत व योग्य रोग्याला ती जीवदान देतात. परंतु निरोगी माणसाने ती घेतली, तर उसने आणलेले बळ व्याजासह परत द्यावे लागते. स्नायूंच्या संप्रेरकांनी यकृत व हृदय बिघडते. रक्त दाट झाले तर त्याच्या गुठळ्या होतात. थकवा झाकला तर शरीर फुटेपर्यंत धावते: १३ जुलै १९६७ रोजी फ्रान्समधील सायकल शर्यतीत टॉम सिम्प्सन हा इंग्रज खेळाडू व्हांतू पर्वताच्या भर उन्हातील चढावर कोसळून मरण पावला, तेव्हा त्याच्या शरीरात असलेच उत्तेजक सापडले. आणि वाढत्या वयाच्या मुलांनी तर एक गोष्ट मनावर कोरून ठेवावी. ही संप्रेरके हाडांची वाढती टोके अकाली मिटवितात. दंड वाढेल या आशेने जी गोळी घ्यावी, तिच्यामुळे उंची तेथल्या तेथे थांबू शकते.

बंदीची कल्पना जुनी आहे. मैदानी शर्यतींच्या जागतिक संघटनेने १९२८ सालीच उत्तेजकांना मनाई केली होती. पण मनाई करावयाची आणि तपासणी करावयाची नाही, ही स्थिती पुढे कित्येक वर्षे चालली. फुटबॉलच्या विश्वचषकात १९६६ साली, व ऑलिंपिकमध्ये १९६८ साली प्रथम तपासणी झाली. १९९९ साली जागतिक उत्तेजक प्रतिबंधक संस्था, म्हणजे ‘वाडा’, स्थापन झाली. आपल्या देशात २००५ साली ‘नाडा’ ही राष्ट्रीय संस्था निघाली, आणि २०२२ साली संसदेने तीस कायद्याचे पाठबळ दिले.

तपासणी प्रत्यक्ष होते कशी, हे समजले म्हणजे तिची भीती निम्मी कमी होते. सामना संपताच, किंवा सरावाच्या दिवशी अवचित, अधिकारी येऊन खेळाडूस कळवितात की आपली निवड झाली आहे. त्या क्षणापासून नमुना देईपर्यंत खेळाडूने त्यांच्या नजरेआड व्हावयाचे नसते. खोलीत गेल्यावर तो स्वतः भांडे निवडतो, आणि त्याच्याच लिंगाच्या अधिकाऱ्याच्या देखत लघवीचा नमुना देतो; तो निदान नव्वद मिलिलिटर असावा लागतो. सामन्यात घाम गाळलेल्या खेळाडूस यासाठी कधीकधी तासन् तास पाणी पीत बसावे लागते. मग तो नमुना खेळाडू स्वतःच्या हाताने ‘ए’ व ‘बी’ अशा दोन बाटल्यांत ओततो व झाकणे घट्ट लावतो; ती पुन्हा उघडावयाची तर प्रयोगशाळेतच, आणि कोणी मध्ये छेडछाड केली तर ती दिसून येते. गेल्या सात दिवसांत कोणते औषध, कोणते पूरक घेतले, ते कागदावर लिहून त्याची सही घेतात. अल्पवयीन खेळाडूस आपल्याबरोबर एक मोठे माणूस ठेवता येते.

प्रयोगशाळेत बाटली जाते तिच्यावर नाव नसते, केवळ अंक असतो. आमच्या दहावीच्या विद्यार्थ्यांना हे चटकन समजेल. बोर्डाच्या परीक्षेतील उत्तरपत्रिकेवर जसा आसनक्रमांक, तसाच हा अंक. पेपर कलेक्टरांच्या मुलाचा की हमालाच्या, हे तपासनिसास कळत नाही. नमुना कोट्यवधी रुपये मिळविणाऱ्याचा की शाळकरी धावपटूचा, हे रसायनशास्त्रज्ञास कळत नाही. ‘ए’ बाटलीत दोष निघाला, तर खेळाडूस ‘बी’ बाटली आपल्यासमक्ष उघडून घेण्याचा हक्क असतो. नमुना दहा वर्षांपर्यंत जपून ठेवता येतो, की आज जी युक्ती पकडता येत नाही ती उद्याच्या यंत्राने पकडावी. आम्हांस यात खेळाडूचा अपमान कोठेच दिसत नाही. जो अभ्यास करून बसला आहे, त्याला पर्यवेक्षकाचे भय नसते. किंबहुना पर्यवेक्षक वर्गात असावा, ही खरी गरज त्याचीच असते.

मात्र परीक्षा कोणी घ्यावयाची, यालाही महत्त्व आहे. २०१९ च्या ऑगस्टपर्यंत भारतातील क्रिकेट खेळाडूंची तपासणी मंडळ स्वतः करवी, निकाल स्वतः देई, व शिक्षाही स्वतः ठरवी. शॉच्या प्रकरणात नमुना फेब्रुवारीतला, निर्णय जुलै अखेरचा, आणि बंदीची मुदत मात्र मागे नेऊन १६ मार्चपासून १५ नोव्हेंबरपर्यंत धरली. त्या मुदतीतील कित्येक आठवडे तो लीगच्या सामन्यांत सर्वांच्या देखत खेळलेला होता. घरच्याच मास्तरांनी घरच्या मुलाची परीक्षा घेतली, की निकाल खरा असला तरी लोक कुजबुजतात. त्यानंतर दहा-अकरा दिवसांतच मंडळाने ‘नाडा’ची तपासणी स्वीकारली. तत्पूर्वी दहा वर्षे मंडळाचा विरोध चालला होता, व त्याचे एक कारण विचार करण्याजोगे होते. निवडक खेळाडूंनी पुढील तीन महिन्यांत आपण कोठे असू, हे आगाऊ कळवावे, व रोज एक तास ठरलेल्या जागी तपासणीसाठी सापडावे, असा जागतिक नियम आहे. नामांकित क्रिकेटपटूंना यात सुरक्षेचा धोका व घरगुती आयुष्यात ढवळाढवळ वाटली. ही तक्रार अगदी पोकळ होती, असे आम्ही म्हणणार नाही. पण तोच नियम कुस्तीगीर, धावपटू आणि नेमबाज निमूटपणे पाळीत होते. मग ज्याला पैसा अधिक मिळतो त्यालाच सूट अधिक का मिळावी, याचे उत्तर कोणापाशी नव्हते.

येथपर्यंत आम्ही एकट्या खेळाडूविषयी बोललो. परंतु क्रिकेट काय, फुटबॉल काय, कबड्डी काय, हे संघाचे खेळ आहेत, आणि तेथे हा विषय अधिक नाजूक होतो. ज्या १९६८ च्या ऑलिंपिकचा उल्लेख वर आला, त्याच मेक्सिकोत पकडला गेलेला पहिला खेळाडू स्वीडनचा हान्स-गुन्नार लिल्येनवाल हा होता. पाच क्रीडाप्रकारांच्या स्पर्धेत पिस्तुलाचा नेम धरण्यापूर्वी हात थरथरू नये म्हणून त्याने थोडी बिअर घेतली होती. शिक्षा त्याला झालीच. पण त्याच्या संघाने मिळविलेले कांस्यपदकही परत द्यावे लागले. इतर साथीदारांनी काय केले होते? काहीच नाही. तसेच २००८ साली बीजिंग येथे जमैकाच्या चार धावपटूंनी रिले शर्यतीत सुवर्णपदक मिळविले. जपून ठेवलेला नेस्टा कार्टरचा नमुना पुढे पुन्हा तपासला गेला, आणि जानेवारी २०१७ मध्ये चौघांचीही पदके गेली. त्या चौघांत उसेन बोल्टही होता. एकाच्या पेल्यात जे पडते, ते सर्वांच्या ताटात उतरते.

कोल्हापूरच्या फुटबॉलवेड्या वाचकांस आणखी एक नाव सांगितले पाहिजे. विश्वचषकाच्या दिवसांत आमच्या पेठांतून अर्जेंटिनाच्या नावाने फलक लागतात, आणि मॅराडोनाचे नाव घेताच अजूनही म्हाताऱ्यांचे डोळे चमकतात. १९९४ साली अमेरिकेतील विश्वचषकात नायजेरियाविरुद्धच्या सामन्यानंतर त्याच्या नमुन्यात एफेड्रिन सापडले व त्याला स्पर्धेबाहेर काढण्यात आले. त्याचा संघ पुढचा सामना बल्गेरियाशी हरला, त्यानंतरचा रुमानियाशी हरला, व घरी गेला. एफेड्रिनच्या जातीची द्रव्ये सर्दीपडशाच्या औषधांत व वजन उतरविण्याच्या पुडक्यांत वापरली जात. म्हणजे तेथेही वाद अखेर एका बाटलीपाशी व एका डब्यापाशीच येऊन थांबला.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. खोकल्याचे औषध घेतल्याने कोणी गुन्हेगार होतो काय? आमचे उत्तर असे, की गुन्हेगार होत नाही, पण जबाबदार होतो. या नियमशास्त्राचा पाया एकच आहे: खेळाडूच्या शरीरात जे सापडेल, त्याचा जाब खेळाडूने द्यावयाचा, ते तेथे कसे आले हे पुढचे, त्यावर शिक्षा कमी-जास्त व्हावयाची. हा नियम कठोर आहे. पण तो सैल केला तर काय होईल, हेही पाहावे. “मला ठाऊक नव्हते” एवढे म्हणताच सुटका होऊ लागली, तर जाणूनबुजून घेणारा प्रत्येक जण हेच वाक्य पाठ करून येईल, आणि पोटात काय हेतू होता हे कोणत्याही यंत्राला मोजता येत नाही. ज्याने काहीच घेतले नाही, त्याचा कैवार मग कोण घेणार?

या कठोरपणाची किंमत किती असते, हे महाराष्ट्राने २०१६ साली पाहिले. नरसिंग यादव हा मुंबईत वाढलेला, दूध विकून पोट भरणाऱ्या घरातला मल्ल. सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरीची गदा त्याने मिळविली, व २०१५ साली लास व्हेगास येथील जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवून रिओ ऑलिंपिकची जागाही कमावली. निघण्यास थोडे दिवस राहिले असता त्याच्या नमुन्यात मेथॅन्डिएनोन हे स्नायुवर्धक निघाले. आपल्या खाण्यापिण्यात कोणीतरी ते मिसळले, असे त्याचे म्हणणे होते. १ ऑगस्ट रोजी ‘नाडा’च्या समितीने ते मान्य करून त्याला दोषमुक्त केले, येथील लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. परंतु ‘वाडा’ने दाद मागितली, आणि १८ ऑगस्ट रोजी, त्याच्या कुस्तीच्या आदल्या दिवशी, रिओमध्येच क्रीडा लवादाने निर्णय दिला की घातपाताचा पुरेसा पुरावा नाही. चार वर्षांची बंदी झाली. मॅटच्या दाराशी गेलेला मल्ल तसाच माघारी आला.

त्या दिवसांत कोल्हापुरात आम्ही जेथे जावे तेथे हीच चर्चा होती. कोणी म्हणे, पोराचा घात झाला. कोणी म्हणे, न्याय तो न्याय. सत्य काय, हे सांगण्याचा अधिकार आमचा नाही. तो ज्यांचा होता त्यांनी निकाल दिला आहे. परंतु एका वृद्ध वस्तादांनी त्या वेळी काढलेले उद्गार आमच्या ध्यानात राहिले. ते म्हणाले, “आमच्या वेळी पैलवानाचं ताट वस्ताद राखायचा. आता पैलवानाला सांगतात, तुझं ताट तूच राख. मग त्याला राखायचं कसं, हे तरी कुणी शिकवाल की नाही?”

या विषयाचे सार आम्हांस या उद्गारांत सापडते. बाटलीवर अंक एकाचा असतो, पण त्या नमुन्यात हात पुष्कळांचे असतात. औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांचा असतो, डबा विकणाऱ्या दुकानदाराचा असतो, “घे रे, काही होत नाही” म्हणणाऱ्या शिक्षकाचा असतो, आणि मुलाने लवकर नाव काढावे म्हणून उतावळ्या झालेल्या पालकांचाही असतो. शिक्षा होते ती मात्र एकट्या मुलाला. नियम कठोर ठेवावयाचा असेल, आणि तो ठेवलाच पाहिजे, तर शिकविण्याचे ओझेही तितक्याच कठोरपणे मोठ्यांनी उचलले पाहिजे. अवघड प्रश्नपत्रिका काढावयाची आणि धडा मात्र शिकवावयाचाच नाही, ही रीत कोणत्याही शाळेस शोभणार नाही. २०२३ साली आपल्या देशात ५,६०६ नमुने तपासले गेले, व त्यांपैकी २१३ सदोष निघाले. मोठ्या प्रमाणावर तपासणी करणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वांत अधिक होते. या आकड्यांत लबाड किती व अजाण किती, हे आकडे सांगत नाहीत. पण दोन्ही प्रकारच्या मुलांना आपण मोठी माणसे कमी पडलो, एवढे ते खचित सांगतात.

पैशामुळे हे कर्तव्य अधिक निकडीचे झाले आहे. २००८ पासून क्रिकेटच्या व २०१४ पासून कबड्डीच्या लीग सुरू झाल्या. खेड्यातील मुलाच्या चपळ पायांना बाजारात भाव आला. आम्हांस याचा आनंदच वाटतो. खाशाबा जाधवांना १९५२ साली हेलसिंकीस जाण्यासाठी पैसे गोळा करावे लागले; राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यासाठी आपले घर गहाण टाकल्याची हकिगत कोल्हापुरात सर्वश्रुत आहे. तसली विवंचना आजच्या मुलांना नसावी. पण जेथे एका हंगामात घराचे दैव पालटते, तेथे एका गोळीचा मोहही तितकाच मोठा होतो, हे विसरून चालणार नाही.

म्हणून विद्यार्थिमित्रांस आमचे सांगणे थोडके आहे. आजार झाला तर औषध अवश्य घ्या. खेळासाठी अंगावर दुखणे काढणे हे शौर्य नव्हे. पण डॉक्टरांपुढे बसताच पहिले वाक्य सांगा, की मी स्पर्धेत खेळतो. यात बंदी असलेले काही आहे काय? दम्याच्या फवाऱ्यांपैकी काही ठराविक मात्रेपर्यंत चालतात, आणि एखादे बंदी असलेले औषध खरोखरच अटळ असेल, तर कागदपत्रे दाखवून रीतसर परवानगी आगाऊ मिळविता येते. औषधाची चिठ्ठी, वेष्टन व पावती जपून ठेवा. ज्याची यादी तुम्हांस वाचता येत नाही, तो डबा घरी आणू नका; वाचता आली तरी कलोनच्या त्या ९४ डब्यांची आठवण ठेवा. मैदानावर आपली पाण्याची बाटली आपल्यापाशी ठेवा. मित्र, दादा किंवा सर यांनी दिले, म्हणून डोळे झाकून काही गिळू नका. त्यांच्यावरील विश्वास कमी होत नाही, पण जाब तुम्हांलाच द्यावयाचा आहे.

आणि पालकहो, मुलगा संध्याकाळी मैदानावरून घरी आला म्हणजे “जिंकलास काय?” असे आपण विचारतो. त्याबरोबर “आज काय खाल्लेस, काय प्यालास?” हेही विचारीत जावे. पहिल्या प्रश्नाने मुलाला हाव सुटते. दुसऱ्याने त्याला कळते की घराला आपली काळजी आहे. शेंगदाणे, गूळ, दूध, केळी, भाकरी, डाळ, अंडी, आणि रात्रीची पुरी झोप या गोष्टी डब्यावरील चित्राइतक्या दिमाखदार नाहीत, परंतु त्यांच्या घटकांची यादी आजीलाही तोंडपाठ असते. हा खुराक सावकाश लागू पडतो हे खरे. पण मेहनतीचे फळ सावकाशच पिकते; आढीत घालून आणि भुकटी टाकून पिकविलेला आंबा बाहेरून पिवळा दिसला, तरी कोयीपाशी आंबटच राहतो.

ज्या विजयाची हकिगत पहिल्या जोरापासून शेवटच्या घोटापर्यंत चारचौघांत उघडपणे सांगता येते, तोच विजय आपला. बाकीचे सारे उसनवार. आमच्या शाळेच्या संघांनी पुढील वर्षी अनेक चषक आणावेत, अशी आमची इच्छा आहे. आणि ते न आले, तरी ज्याची बाटली कोणीही केव्हाही उघडून पाहावी असा एकेक खेळाडू या शाळेतून बाहेर पडावा, ही त्याहूनही मोठी इच्छा आहे. एवढे नमूद करून ही लेखणी खाली ठेवतो.